चाळीसगावचा टांगा आणि आपली प्रतिष्ठा



मानवी प्रतिष्ठा, न्याय आणि वंशभेद याविषयी ख्रिस्तसभा काय शिकवते, हा आजच्या पाठाचा विषय आहे. वंशभेद म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अमेरिका किंवा दक्षिण आफ्रिका येते. २५ मे २०२० रोजी अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड हा कृष्णवर्णीय माणूस पोलिसाच्या गुडघ्याखाली गुदमरून मेला. ते दृश्य आपणही घरोघरी पाहिले व हळहळलो. ३ जून रोजी पोप फ्रान्सिस यांनी बजावले की, मानवी जीवन पवित्र आहे असे म्हणणाऱ्याला वंशभेदाकडे डोळेझाक करता येत नाही. आपण मान डोलावली. दूरच्या पापाविषयी मान डोलावणे तसे सोपेच असते!

आपल्या जळगाव-धुळ्याकडे जन्मावरून माणसाची किंमत ठरवण्याच्या रीतीला वंश म्हणत नाहीत, जात म्हणतात. नाव वेगळे, पण माणूस बोलण्याआधी, काही करण्याआधी त्याची जागा ठरवून टाकायची ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच. म्हणून हा पाठ तयार करताना आम्ही दूरचे उदाहरण शोधत बसलो नाही. आपल्याच एका रेल्वे स्टेशनावरचे उदाहरण हाताशी आहे.

१९२९ सालची गोष्ट. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे तिचे सभासद होते. खानदेशच्या दोन्ही जिल्ह्यांची, म्हणजे त्या वेळच्या पूर्व व पश्चिम खानदेशाची पाहणी त्यांच्याकडे व त्यांच्या एका सहकाऱ्याकडे आली. काम आटोपून मुंबईला परतताना बाबासाहेब चाळीसगावला उतरले. धुळे मार्गावरील एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता, त्याची चौकशी त्यांना करायची होती. चाळीसगावच्या मंडळींनी स्टेशनावर त्यांना गाठून रात्रीचा मुक्काम आपल्याकडे करण्याची विनंती केली. ते कबूल झाले, धुळ्याच्या गाडीने त्या गावी जाऊन आले आणि परत चाळीसगावला उतरले. लोक हार घेऊन थांबलेलेच होते.

वस्ती स्टेशनापासून दोनेक मैलांवर, नदीपलीकडे होती. त्या काळी तिला महारवाडाच म्हणत. स्टेशनाबाहेर टांगे उभे होते. तरी बाबासाहेबांना तासभर ताटकळत ठेवण्यात आले आणि कारण कोणी सांगेना. अखेर एक टांगा आला. टांग्यात ते आणि हाकणारा, दोघेच. बाकीचे जवळच्या वाटेने पायी निघाले. दोनशे पावले जातात न जातात तोच टांगा एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवरच्या फरशीच्या पुलावर घोडा बुजला, चाक कडेच्या दगडावर आपटले. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि घोडा टांग्यासकट नदीत पडला. ते बेशुद्ध पडले. पायाचे हाड मोडले. पुढे कितीतरी दिवस त्यांना चालता येत नव्हते.

हे असे का झाले? रोज त्या पुलावरून टांगे ये-जा करीत, कधी कोणी पडले नव्हते. बाबासाहेबांनी विचारपूस केली तेव्हा उलगडा झाला. स्टेशनावरील एकही टांगेवाला अस्पृश्य प्रवाशाला घेऊन टांगा हाकायला तयार नव्हता. त्यांना तो कमीपणा वाटत होता. इकडे वस्तीतल्या लोकांना आपल्या पाहुण्याला पायी चालवणे कमीपणाचे वाटत होते. शेवटी तडजोड निघाली. टांगेवाल्याने टांगा भाड्याने द्यायचा, हाकायचा मात्र त्यांच्यातल्याच कोणीतरी. ज्याने लगाम हाती घेतला त्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता. आपल्यावर केवढी जबाबदारी आहे हे ध्यानात येताच तो बिचारा घाबरून गेला आणि घोडा त्याच्या हातून सुटला.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. लोकांविषयी त्यांची तक्रार नाही. मात्र एक गोष्ट त्यांनी नेमकी टिपली आहे: प्रवासी बॅरिस्टर असला तरी, भाड्यावर पोट भरणारा टांगेवाला स्वतःला त्याच्यापेक्षा श्रेष्ठ समजू शकतो.

प्रिय वाचकहो, आपण इथे थोडे थांबू या. आपल्या मराठीत ‘प्रतिष्ठा’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. गावात पत आहे, चार लोक उठून खुर्ची देतात, तो प्रतिष्ठित. लग्नपत्रिकेत ‘प्रतिष्ठित नागरिक’ म्हणून नाव छापतात तो हाच अर्थ. ख्रिस्तसभा जेव्हा ‘मानवी प्रतिष्ठा’ म्हणते तेव्हा मात्र तिला काही निराळेच सांगायचे असते, आणि शब्द एकच असल्याने आपला घोटाळा होतो. टांगेवाल्याची प्रतिष्ठा पहिल्या प्रकारची होती. ती टिकायची तर कोणीतरी खाली असणे भागच होते. सगळेच सारखे झाले तर तिचे काय उरले? देवाने दिलेल्या प्रतिष्ठेला मात्र कोणी खाली लागत नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात (१:२७) देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपाप्रमाणे निर्माण केल्याचे आपण वाचतो. तिथे कोणत्या गावचा, कोणत्या आळीचा, असा काही उल्लेख नाही.

८ एप्रिल २०२४ रोजी व्हॅटिकनने ‘दिग्नितास इन्फिनिता’, म्हणजे ‘अनंत प्रतिष्ठा’, या नावाचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात हा गुंता छान सोडवला आहे. माणसाला माणूस म्हणून जी मूळची प्रतिष्ठा आहे ती देवाने दिलेली आहे. तुरुंग, दारिद्र्य, आजार, अपमान, कशानेही ती जात नाही. सामाजिक प्रतिष्ठा मात्र अन्यायाने पायदळी तुडवली जाऊ शकते. आणि नैतिक प्रतिष्ठा माणूस आपल्याच हाताने घालवतो, तो स्वातंत्र्याचा दुरुपयोग करतो तेव्हा. चाळीसगावच्या प्रसंगाला हे लावून पाहा. बाबासाहेबांची मूळची प्रतिष्ठा तसूभरही कमी झाली नाही. त्यांच्या सामाजिक प्रतिष्ठेवर घाव पडला आणि हाडही मोडले. नैतिक प्रतिष्ठा कोणी गमावली, ते आम्ही सांगायला नको.

याचा अर्थ तो एकटा टांगेवाला दुष्ट होता असा मात्र नाही. आम्हांला वाटते, दुसऱ्या दिवशी त्यानेही अपघाताबद्दल चुकचुक केली असेल. एकट्या टांगेवाल्याने नकार दिला असता तर दुसरा मिळाला असता. तिथे सगळा अड्डाच एक झाला होता, आणि कोणी फुटला असता तर उद्या त्याचाही धंदा बसवला गेला असता. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८७ च्या आपल्या विश्वपत्रात ‘पापाच्या संरचना’ म्हणून जे सांगितले ते हेच. एकेकाच्या पापातून रीत तयार होते, आणि मग रीतच पुढच्या माणसाकडून पाप करवून घेते. पापनिवेदनाला जाताना आपण खोटे बोललो, रागावलो, हे आठवतो. पण ‘सगळे करतात म्हणून मीही टांगा हाकला नाही’, हे आपल्यापैकी किती जणांनी कधी सांगितले असेल?

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत आजची नाही. १५३७ साली पोप तिसरे पॉल यांनी अमेरिका खंडातील मूळ रहिवासी ही खरीखुरी माणसे आहेत, त्यांचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावता येणार नाही, असे जाहीर केले. ते ख्रिस्ती राजवटींनीच पाळले नाही, हेही खरे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ च्या ‘गौदियुम एत स्पेस’ या दस्तऐवजात (क्र. २९) लिंग, वंश, वर्ण, सामाजिक स्थिती, भाषा वा धर्म यांवरून मूलभूत हक्कांत केलेला भेदभाव देवाच्या योजनेविरुद्ध असल्याचे म्हटले. यातील ‘सामाजिक स्थिती’ हे शब्द आपल्यासाठी महत्त्वाचे. भारतीय महागुरूंच्या परिषदेने १९८२ साली तिरुचिरापल्ली येथे त्याहून स्पष्ट भाषा वापरली: जात आणि जातीची मनोवृत्ती यांना ख्रिस्ती धर्मात स्थान नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये तामिळनाडूचे महागुरू रोमला गेले असता पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्ती लोकांतील जातीय पूर्वग्रहाविरुद्ध त्यांना कडक शब्दांत सांगितले. डिसेंबर २०१६ मध्ये परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले, तेव्हा ख्रिस्तसभेच्या आतही अस्पृश्यता व भेदभाव आहे हे मान्य केले. देशात काही ठिकाणी दफनभूमीतसुद्धा वेगळी जागा असते. ही कबुली द्यायला धैर्य लागते आणि महागुरूंनी ते दाखवले.

१९२९ नंतर कायदेही झाले. भारतीय संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ व १९८९ चे कायदे आले. ज्या बहिष्काराच्या चौकशीसाठी बाबासाहेब धुळ्याच्या गाडीत बसले, त्या सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ चा स्वतंत्र कायदा केला. तो जुलै २०१७ मध्ये अमलात आला. इतका उशीर का, हा प्रश्न मनात येतोच.

आणि कायदा झाल्यावर? जून २०१८ मध्ये आपल्या जामनेर तालुक्यातील वाकडी गावात मातंग समाजाची दोन अल्पवयीन मुले विहिरीत पोहली म्हणून त्यांना विवस्त्र करून मारहाण झाली आणि त्याचे चित्रीकरण फिरवले गेले. त्या वेळच्या बातम्यांनुसार आरोपी कोणी मोठ्या जातीचा जमीनदार नव्हता, तो स्वतः भटक्या समाजातला होता. तीन आठवड्यांनी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. पोट भरण्यासाठी गावोगाव फिरणारी ही माणसे. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. त्यांचा पेहराव अनोळखी आणि बोली दुसरी. तेवढ्यावर निवाडा झाला. तो आठवडे बाजाराचा दिवस होता, आणि रविवार होता. मारणारे कोणी श्रीमंत नव्हते. तो भागच गरीब आदिवासींचा आहे.

हे लिहिताना आमचा हेतू कोणत्याही समाजाला बोल लावण्याचा नाही. उलट, चाळीसगावच्या टांगेवाल्यापासून राईनपाड्यापर्यंत एकच गोष्ट दिसते, आणि तीच आजच्या पाठाचा गाभा आहे. भेदभाव करणारा नेहमी वरचाच असतो ही आपली सोयीची समजूत आहे. ज्याला वरून ढकलले जाते तोही आपल्या खाली कोणीतरी शोधतो, आणि सापडला की त्याला बरे वाटते. ‘आम्ही गरीब आहोत, आमच्यावरच अन्याय होतो, आम्ही कुणावर काय अन्याय करणार?’ असे म्हणून आपल्यापैकी कोणालाच सुटता येणार नाही.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. वाकडीची विहीर मनात ठेवून योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचा. ‘अ’ वर्षात उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी तो आपण ऐकतो. दुपारची वेळ, याकोबाची विहीर, आणि पाण्याला आलेली एक शोमरोनी स्त्री. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. प्रवचनात आपण बहुधा ऐकतो की येशूने तिला जिवंत पाणी दिले. ते खरेच आहे. पण आधी काय झाले? आधी येशूने तिच्याकडे पाणी मागितले! त्याच्याजवळ पोहरा नव्हता. म्हणजे प्यायचे तर तिच्या भांड्यातूनच. ती स्त्री चकित झाली ती यामुळेच. आपल्याकडे पाणी कोणाच्या हातचे चालते व कोणाच्या हातचे चालत नाही, यावर शतके गेली आहेत. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. म्हणून हा अध्याय परदेशी माणसापेक्षा आपल्या आजीला लवकर कळतो. दुसऱ्याला काही देणे सोपे असते. देणारा वरच राहतो. त्याच्या घरचे पाणी मागून पिणे, त्याच्या ताटात जेवणे, तिथे बरोबरी होते. नाताळात वस्तीवर जाऊन कपडे व खाऊ वाटणाऱ्या आपल्या मंडळांनी हा फरक ध्यानात घ्यावा. वाटून झाल्यावर तिथे आपण चहा घेतो का?

याकोबाचे पत्र (२:१-९) आणखी जवळ येते. सभेत सोन्याची अंगठी घातलेला माणूस आला तर त्याला चांगली जागा, आणि मळक्या कपड्यातला आला तर उभा राहा किंवा पायाशी बस. असे करणाऱ्यांना याकोब पाप केल्याचे सांगतो. ही सभा बाजारातली नव्हे, भाविकांची आहे. म्हणजे हा विषय पहिल्या शतकातल्या उपासनेच्या दारातही उभा होता.

आपल्या धर्मग्रामाचे काय? खानदेशातली ख्रिस्ती मंडळी एका मुळाची नाहीत. कोणाचे आजोबा नगर जिल्ह्यातून आले, कोणी सातपुड्यातील भिल्ल व पावरा कुटुंबांतले, कोणी रेल्वेच्या नोकरीमुळे गोवा, तामिळनाडू, केरळहून येऊन इथलेच झाले. एकाच वेदीपाशी सगळे गुडघे टेकतात. पण लग्नाचे बोलणे निघाले की ‘मुलगा ख्रिस्ती आहे ना, मग झाले’ म्हणणारी माणसेच हळूच विचारतात, ‘पण मूळचे कोण?’ स्नानसंस्काराने आपण नवे झालो असे आपण शिकवतो. मग हे ‘मूळचे’ कुठून येते? सातपुड्याकडून आलेले कुटुंब मिस्साला मागच्या बाकावर बसते, आणि आपण म्हणतो, ‘त्यांना तिथेच बरे वाटते.’ खरेच वाटते का, हे कोणी विचारले आहे काय?

आडनावाचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी देवसहायम यांना संत घोषित केले. त्रावणकोरच्या दरबारातील हे प्रापंचिक गृहस्थ. ख्रिस्ती झाल्यावर जातिभेद न मानता सर्वांत मिसळले, छळ सोसला आणि १७५२ साली मारले गेले. त्यांच्या नावापुढे पूर्वी ‘पिल्लई’ असे लावत. ते जातवाचक आहे, ज्या माणसाने जात सोडली त्याला ती चिकटवू नये, असा आक्षेप घेतला गेला आणि रोमने तो शब्द गाळला. संताच्या नावातूनही जात काढावी लागली!

न्यायाची आपली एक मागणी सरकारकडेही आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदू दलितांपुरता ठेवला. १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध दलितांना तो मिळाला, ख्रिस्ती व मुस्लिम दलितांना नाही. २०२२ मध्ये केंद्र सरकारने न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली यासाठी आयोग नेमला. धर्म बदलला तरी गावाने वागणूक बदलली नाही, हा आपला मुद्दा रास्त आहे. पण दिल्लीला हे सांगताना ख्रिस्तसभेच्या आत भेद नाही असेही आपण म्हणू लागलो, तर ते दोन्ही एकदम खरे कसे असेल?

शेवटी मजुरीविषयी. प्रतिष्ठेच्या गोष्टी मजुरीवाचून पुऱ्या होत नाहीत. खानदेशात सालदार कोणाला म्हणतात हे सांगायला नको. वर्षाच्या करारावर मळ्यात राबणारा, आधी उचल घेतलेला, म्हणून मान वर न करणारा माणूस. त्याची कपबशी गोठ्यात वेगळी ठेवलेली अनेकांनी पाहिली असेल. शहाद्याकडे, जो भाग १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होता, १९७० च्या सुमारास अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारख्या आदिवासी कार्यकर्त्यांनी सालदारांच्या मजुरीसाठी व गेलेल्या जमिनींसाठी लोकांना उभे केले. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोवारुम’ या विश्वपत्रात सांगितले होते की, मजुराने गरजेपोटी कमी मजुरी कबूल केली म्हणून ती न्याय्य ठरत नाही. २०२५ साली निवडून आलेल्या पोप चौदावे लिओ यांनी हे नाव घेताना याच विश्वपत्राची आठवण सांगितली. आपल्यापैकी काहींची शेती आहे, काहींची दुकाने आहेत, आणि पुष्कळांच्या घरी भांडी-धुण्याला बाई येते. ‘ती कबूल झाली आहे’ हे उत्तर तेराव्या लिओंनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच नाकारलेले आहे.

लहान ख्रिस्ती समूहांच्या येत्या बैठकीसाठी याकोब २:१-९ व योहान ४:४-४२ हे उतारे घरी वाचून यावे. चर्चेला एकच प्रश्न पुरे: आपल्या घरी, दुकानात किंवा समूहात अशी कोणती व्यक्ती आहे जिला आपण टांगा देतो, पण तिच्यासाठी हाकत नाही? नावे घेऊन कोणाची नाचक्की करू नये. ज्यांच्या घरी आजवर बैठक झालेली नाही अशा कुटुंबांना समूहप्रमुखांनी आधी विचारावे, आणि त्यांची तयारी असेल तर या वेळची बैठक त्यांच्याकडेच भरवावी. चहा त्यांच्याच घरचा घ्यावा, बरोबर थर्मास नेऊ नये.